चर्चचं पाळणाघर आणि बालवाडी: नियम कसे ठरवायचे, दिवस कसा चालवायचा

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या पाळणाघराचं दार सकाळी सातला उघडतं, पण साडेसहालाच ओट्यावर दोन-तीन बाया येऊन बसलेल्या असतात. कडेवर पोर, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि कोपऱ्यावर पिकअप गाडी हॉर्न वाजवत उभी. दार उघडलं की मूल हातात देऊन आई पळते. रात्री त्याला ताप होता, सकाळपासून दोनदा जुलाब झाले, आज न्यायला आजोबा येणार आहेत, यातलं काही सांगायला तिला वेळच नसतो. पुढे दिवसभरात ज्या अडचणी येतात, त्यातल्या बहुतेकींचं मूळ मला या दारातच सापडलं आहे.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, चर्चच्या आवारात, मी अठरा वर्षं पाळणाघर आणि बालवाडी सांभाळते आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं. आया कुणी मजूर, कुणी नर्स, कुणी झेडपीच्या शिक्षिका. अलीकडे आसपासच्या मंडळ्यांचे (चर्चच्या समाजांचे) पाळकसाहेब (धर्मगुरू) आणि पंच (मंडळीचा कारभार पाहणारे) येऊन म्हणतात, "ताई, आम्हालाही सुरू करायचंय, तुमचे नियम द्या." नियमांची झेरॉक्स देऊन काम भागत नाही, कारण प्रत्येक नियमामागे काहीतरी घडलेलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहिते. पालकांनीही वाचावं, म्हणजे मूल कुठेही ठेवताना काय विचारायचं ते कळेल.

आधी मंडळी आणि पाळणाघर यांच्यामध्ये रेघ ओढा

चर्चची जागा मिळते, भाडं वाचतं, आवारात झाडं असतात, लोकांचा विश्वास असतो. पण चर्च ही सगळ्यांची जागा आहे आणि पाळणाघर तसं नसतं, हे पहिल्या दिवशीच पंच कमिटीत बोलून घ्या. खोल्यांना वेगळं दार, वेगळं कुलूप, किल्लीची वही. आवारात लग्न असलं की मंडपवाले, वाढपी, पाहुणे सगळीकडे फिरतात. अंत्यविधी असला की दीडशे माणसं जमतात. अशा दिवशी मुलांच्या बाजूचं फाटक बंद, आणि एक मावशी फक्त फाटकावर. लग्नाच्या तारखा पाळकसाहेबांकडून महिनाभर आधी मागून घेते आणि पालकांना कळवते. मंडपाच्या वायरी जमिनीवरून जाणार असतील, तर त्या दिवशी अंगणातला खेळ रद्द.

रविवार शाळेची (चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या मुलांच्या धर्मशिक्षण वर्गाची) मुलं त्याच खोल्या वापरतात. चालेल, पण सोमवारी सकाळी पहिलं काम म्हणजे जमीन हातांनी चाचपून पाहणं. टाचणी, बटण सेल, फुग्याचा तुकडा, गोळीचा कागद, सगळं सापडतं.

हिशेब वेगळा ठेवा. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असला तरी पाळणाघराचं खातं, पावतीपुस्तक आणि पगारपत्रक स्वतंत्र हवं. छप्पर गळतंय म्हणून मावशींचा पगार दोन महिने थांबला, की तिसऱ्या महिन्यात चांगली मावशी सोडून जाते. फी मंडळीतल्यांना आणि बाहेरच्यांना एकच. ज्यांना झेपत नाही त्यांची मंडळीच्या दानातून भरली जाते, आणि ती कुणाची हे मी आणि खजिनदार सोडून कुणाला माहीत नसतं. मावश्यांनाही नाही.

प्रवेशाचा अर्ज: कमी प्रश्न, पण नेमके

पहिल्या वर्षी मी चार पानी अर्ज छापला होता. आया अंगठा देऊन मोकळ्या व्हायच्या. आता एकच पान आहे आणि ते मी स्वतः समोर बसून भरते. वीस मिनिटं लागतात, ती द्यायची.

मुलाला घरी काय नावानं हाक मारतात, आणि घरी कोणती भाषा बोलतात, हे सगळ्यात आधी. आमच्याकडे मावची, भिली, अहिराणी, गुजरी, मराठी अशी सगळी मुलं येतात. दोन वर्षांचं पोर "मनी माय कव्हय यी?" म्हणत रडत असताना मावशी शुद्ध मराठीत समजावत बसली, तर ते आणखी घाबरतं. म्हणून मूल घरी 'भूक, पाणी, शी, शू, दुखतंय, आई' या सहा गोष्टींना काय म्हणतं ते अर्जावर लिहून घेते आणि पहिले पंधरा दिवस भिंतीवर लावते.

मग तब्येत. माता-बाल संरक्षण कार्ड पाहून लसी तपासायच्या. एखादी राहिली असेल तर प्रवेश नाकारायचा नाही. आशाताईला फोन करून पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आईसोबत पाठवायचं. आमच्या भागात सिकलसेलचं (रक्तातल्या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचं) विचारणं फार गरजेचं आहे. आदिवासी कुटुंबांत हा आजार आढळतो आणि पुष्कळदा घरचे आपणहून सांगत नाहीत, लाज वाटते म्हणून. हळू आवाजात, दार लावून विचारा. अशा मुलाला दिवसभर पाणी पाजत राहावं लागतं, उन्हात आणि कडक थंडीत जपावं लागतं. त्याला ताप आला किंवा हातपाय दुखायला लागले, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नसतं, लगेच दवाखाना.

जागा राखण्याचा आमचा एक नियम आहे, जो शहरातल्या कुठल्याच माहितीपत्रकात दिसणार नाही. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. त्यांच्या मुलाची जागा होळीनंतर पंधरा दिवसांपर्यंत राखलेली असते. मधल्या महिन्यांची फी नाही. पटावरून नाव काढलं की ते मूल परत येत नाही, हे मी पहिल्या तीन वर्षांत पाहिलं.

दारातले नियम

सकाळी दारात एक मावशी फक्त मुलं घ्यायला. तिच्या हातात दुसरं काम द्यायचं नाही. चार प्रश्न ठरलेले: रात्री झोपलं का? काय खाल्लं? ताप, उलटी, जुलाब? न्यायला कोण येणार? आई बोलत असताना मावशी मुलाच्या कपाळाला, पोटाला हात लावते, अंगावर पुरळ किंवा लागलेलं दिसतं का बघते. आधीची जखम असेल तर वहीत लिहून आईची सही किंवा अंगठा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पुढे "हे तुमच्याकडेच लागलं" असा वाद होत नाही, आणि एखाद्या मुलाच्या अंगावर पुन्हा पुन्हा वळ दिसले तर तारखांसकट नोंद हाताशी असते.

संध्याकाळचा नियम मी एका चुकीतून शिकले. सातव्या वर्षी, नोव्हेंबरात, अडीच वर्षांच्या एका मुलीला न्यायला एक माणूस आला. "मी मामा," म्हणाला. मुलगी त्याला पाहून धावत गेली, गळ्यात पडली. नवी मावशी होती, तिनं सोडलं. वीस मिनिटांनी आई आली. तिच्या माहेराशी त्या वेळी भांडण चालू होतं आणि मामाला पाठवायचं ठरलेलंच नव्हतं. मूल चाळीस मिनिटांत सुखरूप सापडलं, मामानं त्याला फक्त जिलेबी खायला नेलं होतं. ती आई चाळीस मिनिटं ओट्यावर जशी बसली होती, ते मी विसरले नाही. मावशीची चूक नव्हती, मी तिला नियमच दिला नव्हता.

तेव्हापासून: अर्जावर न्यायला येणाऱ्या जास्तीत जास्त तीन माणसांचे फोटो. चौथं कुणी आलं तर आईला फोन, आणि आईनंच हो म्हटलं तर वहीत नाव, वेळ, सही. फोन लागला नाही तर मूल देत नाही, मग तो माणूस मंडळीचा पंच असो. मूल ओळखतं, धावत जातं, हा पुरावा नाही. अठरा वर्षांखालच्या भावंडाकडे लहान मूल द्यायचं नाही. हा नियम गावात पटवायला मला दोन वर्षं लागली.

वडील दारू पिऊन आले तर? हा प्रश्न येतोच, म्हणून प्रवेशाच्या दिवशीच दोघांसमोर सांगून ठेवते: "प्यायलेल्या माणसाकडे मूल देणार नाही, यादीतल्या दुसऱ्याला बोलवू." आधी सांगितलेलं असलं की त्या क्षणी अपमान कमी वाटतो. वाद घालायचा नाही, मूल आतल्या खोलीत, दोन मोठी माणसं दारात, एकानं फोन लावायचा. आरडाओरडा वाढला तर पोलिसांना ११२ वर फोन.

उशिराचा दंड आम्ही बंद केला. एसटी चुकली, पिकअप पंक्चर झाली, त्यात आईचा काय दोष? त्याऐवजी शेवटची मावशी साडेसातपर्यंत थांबते आणि तिला त्याचे जास्तीचे पैसे पगारात मिळतात. ज्यांना जमत असूनही रोज उशीर होतो, त्यांच्याशी मी स्वतः बसून बोलते.

दिवसाचा क्रम

घड्याळाला बांधलेलं वेळापत्रक भिंतीवर छान दिसतं. लहान मुलांना घड्याळ कळत नाही, पण एकामागून एक काय येतं ते पक्कं कळतं. म्हणून वेळ दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे झाली तरी चालेल, क्रम मोडू नका.

सात ते नऊ मुलं येत राहतात. ज्यांची झोप अपुरी आहे ती पुन्हा झोपतात, बाकीची मोकळी खेळतात. नऊला हात धुऊन न्याहारी. साडेनऊला सगळी गोलात: हजेरी, बडबडगीत, आजचं आभाळ कसं आहे, कोण आलं नाही. मग तीन ते सहाची मुलं ताईंबरोबर बालवाडीच्या खोलीत, लहान मावश्यांबरोबर. आमच्याकडे दीड वर्षाखालच्या चार मुलांमागे एक मावशी, तीन वर्षांपर्यंतच्या आठांमागे एक, बालवाडीत वीसांमागे एक ताई आणि एक मावशी. एक जण सुट्टीवर गेलं तर हे गणित मोडतं. म्हणून बदलीची एक बाई कायम ठरवलेली असू द्या, नाहीतर त्या दिवशी मुलं मोजूनच घ्या.

बालवाडीत माती, पाणी, रेती, ठोकळे, गोष्ट, चित्र. गृहपाठ नाही, परीक्षा नाही. पालक एबीसीडी आणि वहीभर लिखाण मागतात, त्यांची काळजी मला कळते. त्यांना मी मुलाचा हात दाखवते. पीठ मळणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं यातून बोटांत जोर येतो, तो आला की पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते सहा हा खेळातून शिकण्याचाच काळ मानला आहे आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण लागतात. अंगणवाडीच्या ताईंशी संबंध चांगले ठेवा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक मोहिमेत तिथेही गोळी मिळते, त्यामुळे एका मुलाला दोनदा जाणार नाही याची नोंद एकमेकींत व्हायला हवी.

साडेबाराला जेवण, दीड ते तीन झोप. उठल्यावर पाणी, फळ, अंगणात खेळ. पाचनंतर मुलं चिडचिडी होतात, चावे, ढकलाढकली याच वेळी जास्त. म्हणून संध्याकाळी नवं काही काढायचं नाही. गोष्ट, गाणी, तेल लावून वेणी घालणं, तोंड-हात पुसणं.

चावणाऱ्या मुलाला मारायचं नाही, परत चावून दाखवायचं नाही, 'चावरा' म्हणायचं नाही. आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्या, जखम साबण-पाण्यानं धुवा. मग चावणाऱ्याला दोन शब्दांत सांगा आणि त्याच्याजवळ एक मोठं माणूस ठेवा. दोन्ही घरी कळवायचं, पण कुणी चावलं त्याचं नाव सांगायचं नाही. हात उगारणाऱ्या मावशीला एकदा समज, दुसऱ्यांदा काम बंद. हे नेमणुकीच्या पत्रातच लिहिलं आहे.

खाणं आणि झोप

स्वयंपाक शाकाहारी, म्हणजे कुठल्याही घरचं मूल एका पंगतीला बसतं. मुगाची मऊ खिचडी, वरण-भात, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, नागलीची (नाचणीची) पेज, केळं. वर्षाखालच्या बाळाला मध नाही, वरून मीठ-साखर नाही. आईनं काढून ठेवलेलं दूध नाव आणि वेळ लिहून थेट फ्रिजमध्ये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवायचंच नाही.

शेंगदाण्याबद्दल थोडं थांबून सांगते. खान्देशात शेंगदाणा नाही असं घर नाही, आणि नेमका तोच लहान मुलाच्या श्वासनळीत अडकतो. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणे, बिया असलेली बोरं आमच्या दाराच्या आत मिळत नाहीत. कूट चालतो. खिशातून आणलेले दाणे आणि चिंचोके मुलं नाकातही घालतात, म्हणून सकाळी खिसे तपासतो. दरवर्षी जूनमध्ये सगळ्या मावश्यांना घास अडकल्यावर काय करायचं ते बाहुलीवर करून दाखवतो: वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. एकीनं हे चालू ठेवायचं, दुसरीनं तोवर १०८ ला फोन करायचा.

झोपेत झोळीचा प्रश्न येतो. घरी साडीच्या झोळीत झोपणारं बाळ गादीवर रडतं. आम्ही झोळीत हलवून शांत करतो, पण डोळा लागला की गादीवर, उताणं. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, शिवाय कापड गळ्याशी येतं. गादी कडक, उशी नाही, तोंडावर पांघरूण नाही, गळ्यातला काळा दोरा झोपेपुरता काढून ठेवायचा. दोऱ्याबद्दल आईला आधी विचारायचं, तिची त्यावर श्रद्धा असते. दर पंधरा मिनिटांनी एक मावशी प्रत्येक बाळाची छाती हलते का ते पाहते आणि वहीत टिक करते.

आजारपण, औषध, ऊन

१००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर मूल घरी. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला की परत. जुलाब थांबून दोन दिवस झाले की परत. कांजिण्यांच्या सगळ्या खपल्या धरल्या की परत. उवा, साधं वाहतं नाक यांसाठी घरी पाठवत नाही. मजुरी बुडते, आणि उवा घरी बसून जात नाहीत.

औषध फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ बाटलीत, आईनं वेळ आणि प्रमाण सांगितलेलं असेल तरच. कागदात गुंडाळलेली पूड, घुटी, ओळखू न येणारी गोळी आम्ही देत नाही. जुलाब असतील तर ओआरएस: एक मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकू नका.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ वर जातो. तेव्हा अंगणातला खेळ सकाळी नऊपर्यंतच, दर अर्ध्या तासाला मावशी पाण्याचा तांब्या घेऊन फिरते. मूल मागेल तेव्हा देऊ असं म्हणून चालत नाही, लहान मूल मागत नाही. कूलरची टाकी दर शनिवारी रिकामी करून, घासून, वाळवायची, कारण डेंग्यूचा डास त्याच पाण्यात वाढतो.

प्रार्थना

जेवणाआधी आम्ही आभाराची छोटी प्रार्थना गातो, नाताळात गव्हाणी (येशूच्या जन्माचा देखावा) मांडतो, हे प्रवेशाच्या दिवशी सांगते. माझी श्रद्धा मी लपवत नाही. पण आमची निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती घरांतली नाहीत. संविधानाचं कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. तुमची बालवाडी त्या व्याख्येत बसो वा न बसो, तेच पाळा. अर्जावर हो किंवा नाही अशी चौकट ठेवा. 'नाही' असेल तर त्या वेळी ते मूल मावशीबरोबर ताटं मांडतं. त्याला बाहेर उभं करायचं नाही.

दोन गोष्टी आम्ही कटाक्षानं करत नाही. मुलाच्या दप्तरातून धर्मप्रचाराच्या पत्रिका घरी पाठवत नाही, आणि प्रवेशासाठी दिलेला पत्ता-फोन मंडळीच्या कामाला वापरत नाही. आईनं विश्वासानं मूल दिलेलं असतं, त्या विश्वासाचा दुसरा उपयोग करायचा नसतो. पोळ्याला मुलं मातीचे बैल करतात, आखाजीला (अक्षय तृतीयेला) चिंचेला झोका बांधतो.

मुलाच्या सुरक्षेचा नियम

हा पंच कमिटीत मोठ्यानं वाचून घ्या. कुणीही मोठं माणूस, ताई, मावशी, पाळक, पाहुणा, मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहणार नाही. शी-शू धुताना दार उघडं आणि दुसरी बाई नजरेच्या टप्प्यात. फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा देणगीदारांना लेखी परवानगीशिवाय जाणार नाहीत, आणि अर्धवट कपड्यातला फोटो परवानगी असली तरी नाही.

मुलाशी गैरवर्तन झाल्याची शंका आली, तर "आधी पाळकसाहेबांशी बोलू, मंडळीतच मिटवू" हा शब्द निघता कामा नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची उलटतपासणी करू नका, त्याला अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहून ठेवा. ११२, किंवा सल्ला हवा असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. माफी, समेट, प्रार्थना यांना मंडळीत जागा आहे, पण मुलाचं संरक्षण आणि तक्रार त्याआधी.

दार लावताना

शेवटचं मूल गेलं की मावशी दिवा न मालवता फेरी मारते. हजेरीची आणि नेण्याची वही शेजारी शेजारी ठेवून नावं जुळवते. मग प्रत्येक खोली, संडास, पडद्यामागे, टेबलाखाली, गुंडाळलेल्या गाद्यांमध्ये हात घालून. एकदा गादीच्या गुंडाळीत एक पोर गाढ झोपलेलं सापडलं होतं, आई फाटकात उभी होती आणि आम्ही सगळ्या अंगणात शोधत होतो. पाण्याची टाकी झाकली, गॅसचा नॉब बंद, बादल्या पालथ्या. सगळं झालं की वहीत वेळ आणि सही, आणि किल्ली त्याच खिळ्याला.